बकुळ अजून आहे का, बघशील?

दापोली,
माघ शुद्ध पंचमी

चि. मुक्ता हिस,
आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी सकाळसाठी मटकी भिजत घालत होते, आणि तूही नेहमीसारखी घाईत होतीस, त्यामुळे मनात आलेलं तिथल्या तिथे बोलायचं राहून गेलं. तू म्हणालीस, आजी, मी रोज पहाटे उठते बरं का, शिवाजी पार्काला पाच फेऱ्या मारते, एका फेरीला सात मिनिटं लागतात. ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! नवं शहर, नवी नोकरी, परकी खोली, आणि तरी पोर आपणहून पहाटे उठते, याहून मला काय हवं? पण मग म्हणालीस की रविवारी मैत्रिणींबरोबर राणीच्या बागेत गेलीस, वीस मिनिटांत पेंग्विन बघितले आणि बाहेर पडलात, बाकी बघण्यासारखं काही नव्हतं. ते वाक्य माझ्याजवळच राहिलं. रागावले नाही हो मी. तुला कुणी सांगितलंच नाही तर कळणार कसं? सांगायचं काम माझं होतं. म्हणून आज देवपूजा आटोपून, तुझ्या आजोबांच्या त्या जुन्या टेबलाशी बसून हे पत्र लिहायला घेतलंय. निवांत वेळ मिळेल तेव्हा वाच. लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचू नकोस.

तुझे पणजोबा, म्हणजे माझे वडील, राणीच्या बागेत माळी होते, एवढं तुला ठाऊक आहे. पण माळी होते म्हणजे काय, ते मी पाहिलंय. आम्ही भायखळ्याला चाळीत राहायचो, दहा बाय बाराची खोली, आत आम्ही सात माणसं. बाबा चार वाजता उठायचे. आवाज न करता, अंधारातच, कारण दिवा लावला तर पोरांची झोप मोडायची. पाच वाजता बागेच्या फाटकाशी हजर. ऊन चढायच्या आत पाणी घालून झालं पाहिजे, हा त्यांचा नेम. उन्हात घातलेलं पाणी अर्धं आभाळच पितं, ते फुकट घालवायचा आपल्याला काय अधिकार, असं ते म्हणायचे. आठच्या सुमाराला मी त्यांची भाकरी घेऊन जायची, तोवर त्यांचे वाफे ओले होऊन मातीचा वास सुटलेला असायचा, आणि ते खुरपं बाजूला ठेवून नळावर हात धूत असायचे. त्या वासाची मला इतकी सवय झाली होती की लग्न होऊन दापोलीला आले तेव्हा पहिल्या पावसाला मला माहेरची आठवण येऊन रडू फुटलं. असो.

बाबा शाळा चार यत्ता शिकलेले, पण बागेचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी जे सांगितलं त्यातलं पुष्कळ मी पुढे वाचून पडताळून पाहिलं, आणि त्यांचं फारसं काही चुकलेलं नव्हतं.

ही गोष्ट बागांच्याही आधी, गुरांपासून सुरू होते बघ. तू रोज चर्नी रोड स्टेशनवरून जातेस ना? किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या रानात पूर्वी लोकांची गुरं चरायची. कंपनी सरकारनं १८२२ साली त्या चराईवर कर बसवला. ज्याच्या दारात एकच गाय, त्यानं तो भरायचा कुठून? तेव्हा जमशेटजी जीजीभाईंनी १८३८ साली ठाकूरद्वाराजवळ समुद्राकाठची गवताळ जमीन स्वतःच्या पदरचे वीस हजार रुपये घालून विकत घेतली आणि गुरांना चरायला मोकळी सोडली. त्या चरणीवरून चर्नी रोड हे नाव पडलं, असं सांगतात. मला ही हकीकत फार आवडते. मुंबईत सगळ्यांसाठी राखलेल्या मोकळ्या जागेची पहिली आठवण मुक्या जनावरांच्या पोटाशी जोडलेली आहे, आणि ती जमीन घेणाऱ्यानं तिच्यावर एक वीट बांधली नाही. तुझ्या ऑफिसच्या वाटेवरची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही मैदानंही त्याच किल्ल्याबाहेरच्या रानाचे उरलेले तुकडे. तोफांच्या माऱ्याला आडोसा राहू नये म्हणून ते रान मोकळं ठेवलं होतं. पुढे १८६० नंतरच्या काही वर्षांत किल्ल्याच्या भिंती पाडल्या, तोफा गेल्या, पण मोकळं रान सगळंच्या सगळं गिळायचं कुणाच्या मनात आलं नाही, हे आपलं भाग्य.

आता राणीची बाग. पश्चिम हिंदुस्थानची म्हणून शेती आणि बागाईची एक संस्था १८३० साली निघाली होती. तिची बाग आधी शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीकडे गेली, आणि माझगावच्या माउंट इस्टेटीवर, म्हणजे भायखळ्याला, नवी बाग मांडायला घेतली. १९ नोव्हेंबर १८६२ या दिवशी गव्हर्नर फ्रिअरसाहेबांच्या पत्नीच्या हस्ते ती लोकांना खुली झाली. राणीच्या नावाची म्हणून राणीची बाग. आज पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं लिहिलेलं दिसतं, आणि ते नाव घेताना माझी मान आपोआप लवते. पण तोंडात मात्र राणीची बागच येते, आणि मला वाटतं जिजाऊंनाही राणी म्हटलेलं चालेलच.

ते दिवस कसले होते ते नीट ऐक, कारण मला खरं सांगायचंय ते इथेच आहे. अमेरिकेत यादवी पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा नुसता वाहत होता. कालचा गुमास्ता आज शेठ होत होता. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी, समुद्र बुजवून जमीन काढायच्या कंपन्यांचे शेअर घ्यायला झुंबड, जो तो आजचे उद्या दुप्पट करायला धावत होता. आणि मग १८६५ साली तिकडची लढाई थांबली, कापूस कोसळला, बँका बुडाल्या, कंपन्या बुडाल्या, मोठमोठी घराणी धुळीला मिळाली. पुढे आपल्या माणसांनी त्याला शेअरचं वेड असं नाव दिलं. मुक्ता, त्याच चार वर्षांत, त्याच शहरात, भायखळ्याला काही माणसं खड्डे खणून रोपं लावत होती. झाड मोठं व्हायला चाळीस वर्षं लागणार, आपण काही त्याच्या सावलीत बसायला उरणार नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्या धावाधावीतल्या किती कंपन्यांची नावं आज कुणाला आठवतात? आणि ती रोपं तू परवा ज्यांच्याखालून चालत पेंग्विनकडे गेलीस ना, त्यांच्यातच आहेत.

नाना शंकरशेट आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड ही नावं तुला शाळेच्या पुस्तकात भेटली असतील. बागेच्या दाराशी जे संग्रहालय आहे ते उभं राहावं म्हणून याच माणसांनी वर्गण्या गोळा करण्यात पुढाकार घेतला. पायाभरणी १८६२ ला झाली, मग तो १८६५ चा फटका बसला, पैसे आटले, आणि इमारत पुरी होऊन लोकांना खुली व्हायला १८७२ साल उजाडलं. नाना तोवर गेले होते. दहा वर्षं लागली, पण कुणी अर्धवट टाकून दिली नाही. त्या संग्रहालयाला आज भाऊ दाजींचं नाव आहे. १८७३ साली ती शेती-बागाईची संस्था मोडली आणि बाग नगरपालिकेकडे आली. तेव्हापासून ती शहराची, म्हणजे कर भरणाऱ्या सगळ्यांची, म्हणजे आता तुझीसुद्धा. पहिल्या पगारातून व्यवसाय कर कापला म्हणून किती कुरकुरलीस! तो कर जातो सरकारकडे, माळ्यांचा पगार निघतो पालिकेकडून, हे मला ठाऊक आहे. पण माणूस शहरात राहून जे देतो त्याचं कुठेतरी झाड होतं, असं समजलं की द्यायला जड जात नाही बघ.

संग्रहालयाच्या बाहेर दगडी हत्ती आहे, तो पाहिलास का? नसशील पाहिलास. तो घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी त्याला उचलून विलायतेला न्यायचं ठरवलं, आणि उचलता उचलता तो फुटला. घाईनं केलेलं काम! तुकडे मुंबईतच राहिले, आणि पुढे कुणीतरी धीर धरून त्यातला एकेक तुकडा जुळवला आणि त्याला पुन्हा उभा केला. लहानपणी मी त्याच्या पायाशी बसून बाबांची वाट बघायची. त्याच्या अंगावरचे सांधे बोटानं चाचपून बघायचे मी. तूही बघ एकदा, कुठे जोडलंय ते नीट पाहिलं की कळतं.

आणि झाडं! तिथे तीन हजारांच्या घरात झाडं आहेत गं, अडीचशेहून अधिक जातींची. गोरखचिंच आहे, आफ्रिकेकडची, खोड असं की चार जणांनी हात धरले तरी कवेत मावायचं नाही, आणि वर्षातले कितीतरी महिने अंगावर पान नसतं, नवख्याला वाटतं वाळली. बाबा सांगायचे, वाळली नाही, ती थांबली आहे. कैलासपती आहे, त्याची फुलं फांदीला न येता थेट बुंध्यावर येतात, आणि फुलात बघशील तर नागाच्या फण्याखाली पिंडी असावी तसं दिसतं. बायका येता जाता हात जोडायच्या. आणि उर्वशी आहे. ब्रह्मदेशातलं झाड, लाल फुलांचे झुंबरासारखे घोस खाली लोंबतात, त्यावर पिवळा ठिपका. हे दिवस तिच्या फुलण्याचे. आमची आई, म्हणजे तुझी पणजी, चाळीत राबून राबून शिणलेली बाई, तिला देवळाखेरीज कुठे जायला मिळायचं नाही. पण उर्वशी फुलली की बाबा तिला एका संध्याकाळी मुद्दाम घेऊन यायचे आणि दोघं जण झाडासमोर नुसती उभी राहायची. एक शब्द बोलायची नाहीत. मी मधेच हात ओढायची, चला ना हत्तीवर बसू, आणि बाबा म्हणायचे, थांब, तुझ्या आईचं बघून होऊ दे. तेव्हा हत्तीची फेरी मिळायची बागेत.

जनावरांचं मात्र मला मन मोकळं करून सांगू का? पिंजऱ्यातला वाघ पाहून मला लहानपणीही आनंद झाला नाही. त्याच्या येरझाऱ्या बघवायच्या नाहीत. आता चांगल्या जागा केल्या आहेत म्हणतात, तू पाहिल्यास, बरं झालं. माझी बाग झाडांची आहे.

दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याला बाग म्हणजे काय, हे तुला पुण्याच्या घरी वाढल्यामुळे कदाचित जाणवणार नाही, त्यात तुझा काही दोष नाही. आमच्या चाळीतली मुलं परीक्षा जवळ आली की पुस्तकं घेऊन बागेत जायची. मोठ्या पोरी मैत्रिणीशी मनातलं बोलायला जायच्या, कारण घरात बोललेलं सगळ्या मजल्याला ऐकू जायचं. गिरणीत रात्रपाळी करून आलेले लोक झाडाखाली आडवे व्हायचे, कारण खोलीत दिवसा पोरांचा गलका. लग्न ठरलेली मुलं मुली पहिल्यांदा चार शब्द बोलायची ती बागेत, पुढे थोड्या अंतरावर कुणीतरी मावशी बसलेली असायची. माझ्या मोठ्या बहिणीचं तसंच झालं, मीच होते सोबतीला, मला शेंगदाण्याची पुडी देऊन त्यांनी बाजूला बसवलं होतं. आई म्हणायची, आपली खोली लहान आहे, पण बैठकीची खोली पन्नास एकरांची आहे. ती हे अगदी मनापासून म्हणायची, आणि ते खरंच होतं.

मलबार हिलला पण गेली नसशील अजून. तिथे १८८१ च्या सुमारास पाण्याच्या मोठ्या टाक्या झाकून वरती बाग केली, लोक तिला हँगिंग गार्डन म्हणतात, नाव सर फिरोजशहा मेहतांचं. पायाखाली शहराचं पिण्याचं पाणी आणि वर हिरवळ, किती काटकसरीची अक्कल आहे बघ ती! एकाच जागेचे दोन उपयोग, आणि दोन्ही लोकांचे. समोरच कमला नेहरू पार्क, तिथला म्हातारीचा बूट. मी सहा वर्षांची असेन, तो नवा झाला होता, बाबा सुट्टीच्या दिवशी ट्रामनं आणि मग चालत घेऊन गेले. बुटाच्या खिडकीतून मी चौपाटी बघितली. त्या दिवशी आम्ही घरून पोळीभाजी नेली होती आणि येताना खिशात जितके पैसे होते त्यातले बहुतेक परत आले. बागेसारखी स्वस्त करमणूक नाही गं. तुम्ही मैत्रिणी सुट्टीला कुठे कुठे जाता, कॉफीला म्हणे तीनशे रुपये पडतात. जा, मी नको म्हणत नाही, कष्टाचे पैसे आहेत तुझे. पण महिन्यातला एखादा रविवार डबा घेऊन झाडाखाली घालवलास तर ते तीनशे रुपये राहतील, आणि मैत्रिणीही जास्त बोलतील.

तू राहतेस त्या दादरचीही एक गोष्ट आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, मांडवीपासून सुरुवात झाली. अंधाऱ्या, कोंदट, वारा न शिरणाऱ्या घरांत माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. त्यानंतर १८९८ ला सुधारणा मंडळ नेमलं गेलं, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, आणि त्यानं दादर-माटुंग्याच्या बाजूला शेतजमिनींवर नवी वस्ती आखली, रुंद रस्ते, मधे मधे मोकळ्या जागा. पारशी कॉलनीतल्या फाइव्ह गार्डन्स, मंचेरजी जोशींच्या नावच्या, त्या त्यातल्याच. एवढं दुःख सोसल्यावर शहराला कळलं की माणसाला जगायला अन्न लागतं तसा वारा लागतो. तुझ्या खोलीच्या खिडकीतून जी झुळूक येते ना, तिच्यामागे तेवढी मोठी किंमत मोजलेली आहे.

आणि तुझं शिवाजी पार्क. १९२५ साली ते माहीम पार्क म्हणून खुलं झालं. १९२७ साली महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली असं त्या वेळी धरलं गेलं, तेव्हा नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहावरून त्याला महाराजांचं नाव मिळालं. बाईमाणसानं सुचवलेलं नाव आहे ते, मला त्याचं फार कौतुक आहे. अठ्ठावीस एकरांच्या आसपासचं ते मैदान, भोवती कट्टा. तू सात मिनिटांत ज्याला वळसा घालतेस त्या कट्ट्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी माझे काका रात्री उशिरापर्यंत बसायचे. आचार्य अत्र्यांच्या सभेला मैदान कसं भरून जायचं, ते त्यांच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा यायचा. आचरेकर सरांनी त्याच धुळीत मुलं घडवली. सचिन तेंडुलकर लहानपणी एका दिवसात या मैदानावरून त्या मैदानावर खेळत फिरायचा. त्या मुलांनी एकेक फटका हजारदा घोटला तेव्हा कुठे तो बसला. आणि महाराजांचा तो पुतळा नीट बघ, हातात तलवार उगारलेली नाही, हात पुढे केलेला आहे, जणू सांगताहेत, या, पुढे चला.

म्हणून म्हणते, पाच फेऱ्या मार, जरूर मार, पण सहावी फेरी घड्याळाशिवाय मार. नुसती चाल. कट्ट्यावर रोज त्याच जागी बसणारे आजोबा असतील, त्यांना नमस्कार कर. सकाळी झाडणारी बाई असेल, तिला विचार, काल झोप लागली का. पर्जन्यवृक्षाची पानं रात्री मिटतात आणि उजाडताना उघडतात, ते तू पाहिलंयस? रोज त्याच्याखालून धावतेस. मला तुझ्या वागण्याची काळजी नाही बाळा, तुझी आई, तुझा बाबा, तू, तुम्ही सगळी माझी गुणी माणसं आहात. मला काळजी फक्त एवढीच, की तू इतकी पटापट जातेस की चांगल्या गोष्टी तुझ्या बाजूला उभ्या राहून तुझी वाट बघत बसतात.

आणखी एक सांगते आणि मग तुझी सुटका करते. शीव-वांद्रे जोडरस्त्यावरून जाताना मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून, दाट झाडी दिसेल. ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान. सदतीस एकर. ते रान म्हणजे पूर्वीचं कचरा टाकायचं मैदान. हो, शहराची घाण तिथे पडत होती. ती बंद केली, वर माती टाकली, रोपं लावली, जगली ती जगली, मेली तिथे पुन्हा लावली, आणि १९९४ साली ते लोकांसाठी उघडलं. आज तिथे फुलपाखरं बघायला लोक जातात. २००५ च्या जुलैत मिठी कशी फुगली होती, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तुझा मामा दोन दिवस घरी आला नव्हता. सिमेंटवर पडलेलं पाणी कुठे जाणार? उघड्या मातीलाच पाणी प्यायची अक्कल असते. तरी मोकळी जागा दिसली की माणसांना राहवत नाही. मुंबईत आता माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास मोकळी जागा उरली आहे म्हणतात. म्हणजे तू लहानपणी माझ्याशेजारी निजायचीस ना, ती तुझी गोधडी पसरली की तेवढी जागा संपली.

राणीच्या बागेचंही रूप पालटायचा एक मोठा आराखडा साधारण २००७ साली निघाला होता, परदेशासारखं प्राणिसंग्रहालय करायचं म्हणून. त्यात झाडांचं काय होणार, हे काही बायकांनी विचारलं. झाडांची नावं एकेक करून लिहून काढली, मोजली, लोकांना फिरवून दाखवली, सरकारदरबारी खेटे घातले, वर्षानुवर्षं. तो आराखडा मूळ रूपात झाला नाही. त्या बायका कुणी पुढारी नव्हत्या. बागेत फिरायला जाणाऱ्या होत्या, आणि त्या हळू चालत असणार, म्हणूनच त्यांना झाडं दिसली.

आता माझं काम सांगते.

बाबांच्या हातची बकुळ आहे तिथे. संग्रहालयाकडून आत गेलीस की डाव्या अंगाला, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, ताडांच्या पलीकडे. मुकादमांनी त्यांना ती जागा दिली होती. पहिलं रोप पावसात कुजलं. दुसरं उन्हाळ्यात गेलं. तिसरं कुणीतरी पोरानं खेळता खेळता मोडलं. बाबांनी एकालाही शिवी दिली नाही, चौथं रोप आणलं, त्याला बांबूचं कुंपण केलं, आणि रोज इतर सगळं पाणी घालून झालं की शेवटची अर्धी झारी तिला. बकुळ फार सावकाश वाढते. बाबा निवृत्त झाले तेव्हा ती जेमतेम त्यांच्या डोक्याएवढी होती, सावली म्हणशील तर एका माणसाचीसुद्धा नाही. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. शेवटच्या दिवशीही त्यांनी तिला अर्धी झारी पाणी घातलं, हात धुतले आणि घरी आले.

मी तिला दहा वर्षांपूर्वी शेवटची पाहिली. खाली एक कुटुंब बसलं होतं, आई, वडील, तीन मुलं आणि एक म्हातारी, डबे उघडून जेवत होती, आणि सगळी सावलीत मावली होती. मी लांबूनच बघितलं. त्यांना काही सांगितलं नाही.

आता माझे गुडघे मुंबईचे जिने चढू देत नाहीत. तू जा. पहाटे, फाटक उघडल्या उघडल्या, एकटी. आत्ता बकुळीला फुलं नसतील, म्हणून पानावरून ओळखावी लागेल: गर्द हिरवं, चकचकीत, कडा लाटेसारखी थोडी वरखाली. तीन-चार बकुळी असतील तर घाबरू नकोस, प्रत्येकीखाली थोडा वेळ बसून बघ. सापडली तर मला फोन करून सांग. नाही सापडली तरी सांग. आणि बुधवारी बाग बंद असते, तेवढं लक्षात ठेव.

तुझी,
आजी

ता. क. : उर्वशी फुलली असेल तर खाली पडलेलं एक फूल वहीत घालून आण, झाडावरचं तोडू नकोस. तुझ्या पणजीच्या फोटोपुढे ठेवायचं आहे.